सही आपलीच

कारकुनी पेशाची एक मोठी सोय आहे. त्यात कोणतीच गोष्ट आपण करीत नाही; ती केवळ सादर करतो. टिपण आमचे, मसुदा आमचा. सही मात्र वरच्या कोणाची तरी. एखाद्याचे बिल नामंजूर झाले, एखाद्याची नको तिथे बदली झाली, तरी रात्री आम्हांस स्वस्थ झोप लागते. कारण कागदाच्या कोपऱ्यात आमचे नुसते आद्याक्षर असते.

मांसाहाराच्या बाबतीतही आम्ही जाणते झाल्यापासून याच पद्धतीने वागत आलो. दुकानात बोटाने कोंबडी दाखवायची आणि पाठ फिरवून शेजारच्या वाण्याच्या बरण्या न्याहाळीत उभे राहायचे. पिशवी हातात आली की आम्ही गिऱ्हाईक. तोवर त्या प्रकरणाशी आमचा संबंध नाही. कोकणातील आमच्या घरी आजोबा राखणीचा कोंबडा स्वतःच्या हाताने देत. गाऱ्हाणे सुरू झाले की आम्ही गोठ्यामागे पळत असू आणि वडे-सागोतीचा वास सुटला की सर्वांच्या आधी पाटावर येऊन बसत असू.

ही सोय शिलाँगच्या बदलीत मोडली. क्वार्टरमागे लहानसे परस होते. एका सहकाऱ्याने वनराजा जातीची दहा पिल्ले आणून दिली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने ही जात घरामागे पाळण्यासाठीच तयार केली आहे; रंगीत पिसांची, काटक, किडे-मुंग्या व खरकटे यांवर बरीचशी गुजराण करणारी. दहांत चार नर निघाले. पाच महिन्यांचे होताच त्यांनी एकमेकांची डोकी फोडली आणि माद्यांच्या पाठीवरची पिसे उडवली. त्यातून जून महिना. शिलाँगला त्या दिवसांत साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि कोंबडे त्याची वाट पाहत नाहीत. शेजारी प्रथम हसले, मग हसेनासे झाले.

"बडा बाजारात देऊन या चारही," सौभाग्यवती म्हणाल्या. आमची आठ वर्षांची कन्या अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "म्हणजे बाबा, मारायला दुसऱ्या कोणाला सांगणार?" प्रश्न साधा होता. पण वरिष्ठांनी धारिकेच्या समासात लिहावा तसा तो आमच्यापुढे येऊन पडला, आणि त्याला उत्तर म्हणून आम्ही शब्द देऊन बसलो.

शनिवारी रात्री एका कोंबड्याचे दाणे बंद केले, पाणी चालू ठेवले. आतडी रिकामी असली म्हणजे साफ करताना फुटून मांस नासत नाही. रविवारी सकाळी सुरी घेतली. पुढचे थोडक्यात सांगतो, कारण अधिक सांगवत नाही. एका हाताने पंख, दुसऱ्याने सुरी. हात कापला, पाते पिसांवरून घसरले आणि जखम अर्धवट झाली. कोंबडा सुटला. परसाच्या भिंतीपलीकडे आमच्या शेजारीण राहतात. त्या वयस्कर खासी बाई. सगळी वस्ती त्यांना आदराने 'काँग', म्हणजे थोरली बहीण, म्हणते. त्या न बोलावता आल्या, कोंबडा धरला, आमच्या हातातली सुरी घेतली आणि क्षणात काम संपवले. मग सुरी पुशीत मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "बाबू, भीती तुम्हांला वाटली, आणि भोगले त्याने."

पुढे आम्ही उकळते पाणीच त्याच्यावर ओतले. कातडे शिजून पिसांबरोबर सोलून आले. रस्सा झाला, पण आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

पुढल्या रविवारी काँग उभ्या राहिल्या, पण सुरीला त्यांनी हात लावला नाही. आदल्या दिवशी पत्र्याचे नरसाळे टोक कापून भिंतीला खिळवले होते. त्यात उलटा ठेवलेला कोंबडा पंख मिटून शांत राहतो, डोके तेवढे खाली येते. सुरी अशी लावली होती की कागद अलगद कापला जावा. जबड्याच्या जरा खाली, बाजूने, श्वासनलिका न दुखवता एकच काप. मग रक्त पूर्ण जाईपर्यंत, सुमारे दोन मिनिटे, हात न काढता धरून राहणे. ती दोन मिनिटे फार मोठी असतात. त्या वेळी पाठ फिरवायला जागा नव्हती.

बाकीचे काम कारकुनालाही जमण्यासारखे आहे; त्यात टापटीप लागते. शिलाँग सुमारे पंधराशे मीटर उंच, त्यामुळे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तीन तांबे उकळत्या पाण्यात दोन तांबे गार घातले की ६० ते ६३ अंशांचे पाणी मिळते. त्यात पाऊण मिनिट बुडवून पंखाचे मोठे पीस ओढून पाहावे. सहज आले की पुरे. शेपटीवरची तेलाची गाठ कापावी, गळ्याशी दाण्याची पिशवी सोडवावी, आणि आतडी काढताना यकृताला चिकटलेली हिरवट पित्ताची पिशवी जपावी. ती फुटली तर कडवटपणा जात नाही. पिसे व आतडी आम्ही खोल पुरली.

पिसे काढताना काँगनी त्यांची जुनी कथा सांगितली. अपमान झाला म्हणून सूर्यदेवी रुसून गुहेत बसली, जगात अंधार झाला, आणि तिची समजूत घालायला कोंबडा गेला. माणसाचे पाप तो आपल्या मानेवर घेतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. १८९९ साली शिलाँगला स्थापन झालेल्या 'सेंग खासी' या संस्थेच्या बोधचिन्हावरही कोंबडाच आहे. ऐकताना आम्हांस आजोबांचे गाऱ्हाणे आठवले. ते देवाशी एवढे का बोलत, हे गोठ्यामागून कळणे शक्य नव्हते.

जिवंत कोंबडा १.८ किलो होता, साफ होऊन १.२५ भरला. बर्फाच्या पाण्यात गार करून रात्रभर ठेवला. ताजे मांस ताठरते, सैल पडल्यावरच शिजवावे. सोमवारी पाने वाढली. कन्येने विचारले, "बाबा, त्याला दुखले का?"

'छे' हा शब्द ओठांवर आला होता. आम्ही सांगितले की याला थोडे दुखले. आणि पहिल्याला फार दुखले, ती चूक आमची होती.

तिने बराच वेळ ताटाकडे पाहिले आणि आईकडे वरण मागितले. आम्ही आग्रह केला नाही. परसात अजून दोन कोंबडे आहेत. येत्या शनिवारी एकाचे दाणे बंद करायचे आहेत. त्याआधी सुरीला धार लावायला हवी.