कडेला बसणाऱ्यांचा टीव्ही

निपाणीच्या माणसाला मोठी खरेदी करायची झाली की वस्तूच्या आधी दिशा ठरते. उत्तरेला कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, दक्षिणेला बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. बस्ता, सोनं आणि मोठा दवाखाना कोल्हापूरला. कचेरी, कोर्ट आणि जमिनीचे कागद बेळगावला, अशी वाटणी आमच्याकडे कधीचीच झालेली आहे. टीव्ही मात्र कुठल्याच वाटणीत बसत नव्हता. २०११ च्या विश्वचषकाच्या तोंडावर मोठा टीव्ही घ्यायचं ठरलं, तेव्हा घरात सगळी चर्चा या एकाच मुद्द्यावर झाली. जीएसटी यायला अजून सहा वर्षं होती, दोन राज्यांचा व्हॅट वेगवेगळा होता, आणि कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूचा मेकॅनिक सीमेवरची दूधगंगा ओलांडून कोगनोळीच्या अलीकडे येतो की नाही, याबद्दल प्रत्येकाचा अनुभव निराळा होता. शेवटी आईला कुंदा हवा होता म्हणून बेळगाव ठरलं.

खडेबाजारातल्या दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले. ट्यूबलाइटच्या लखलखाटात एलसीडी झळाळत होते आणि त्यांच्या शेजारी बेचाळीस इंची प्लाझ्मा मलूल वाटत होता. त्याच्या काचेत समोरचा रस्ता उतरला होता: हातगाड्या, रिक्षा आणि भाव विचारत उभे असलेले आम्ही. आप्पा म्हणाले, "काचेत सगळा बाजार दिसतोय, चित्र कुठं हाय?" दुकानदार हसला. "काका, याला रात्री बघायचं असतंय," म्हणत त्यानं त्या कोपऱ्यातले दिवे बंद केले.

आणि अंधार झाला तसा तो टीव्ही जागा झाला. पडद्यावर कसलासा रात्रीचा प्रसंग चालू होता. एलसीडीवरची रात्र राखाडी होती, याच्यावरची काळी. कारण सरळ आहे. एलसीडीच्या पडद्यामागे दिवा सतत जळतो आणि तो अडवून अडवून चित्र काढावं लागतं; कितीही अडवला तरी थोडा उजेड झिरपतोच. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका म्हणजे निऑन-झेनॉन वायू भरलेल्या इवल्या खोल्या. वीज गेली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरवर आपटतात आणि ठिपका स्वतःच्या उजेडानं पेटतो. काळं दाखवायचं असेल तिथं जवळजवळ पेटायचंच नाही. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी शिकवण्याच्या संगणकासाठी असा पहिला पडदा बनवला, तेव्हा त्यात फक्त नारिंगी उजेड पडे. त्या नारिंगीपासून आमच्या दारातल्या या काळ्या रात्रीपर्यंत यायला जवळजवळ अर्धशतक लागलं होतं.

पण आमचा सौदा काळ्या रंगावर झाला नाही. आप्पा दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवे चालू लागले. तेव्हाच्या बऱ्याच एलसीडींवर बाजूला सरकलं की माणसांचे चेहरे विटत, सावल्या पांढुरक्या होत. प्लाझ्मावर काही बदललं नाही. अगदी दाराशी जाऊन उभे राहिले तरी नटीच्या साडीचा रंग तोच. "हाच घ्या," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर आमचा सोपा होता. समोरची खुर्ची एकच आणि ती त्यांची. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, वहिनी खांबाला टेकून, पोरं खाली चटईवर, शेजारच्या आज्जी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. आमच्या घरात टीव्ही समोरून बघणारा एक आणि कडेनं बघणारे बाकी सगळे. खरं तर हा मुलूखच कडेला बसलेला. मुंबई आणि बंगळूर, दोन्हीकडचे खेळ आम्ही तिरकेच बघत आलो.

छोटा हत्तीवाला खोकं आडवं टाकायला निघाला होता. काचेला धोका म्हणून ते उभंच न्यायचं असतं. भाऊ मागे बसून महामार्गभर त्याला धरून आला. घरी आल्यावर पुस्तिका उघडली. तिच्यात स्थिर चित्राबद्दल इशारा होता आणि दुकानदारानं बजावलेलंही तेच: पहिले शे-दोनशे तास याला रुळवा. नवे फॉस्फर सुरुवातीला भराभर जुने होतात. पडद्याचा एक भाग जास्त जळला आणि दुसरा कमी, तर तो फरक कायमचा राहायची भीती. म्हणून कॉन्ट्रास्ट निम्म्यावर, 'डायनॅमिक'ऐवजी 'सिनेमा', काळ्या पट्ट्यांचे पिक्चर नकोत, आणि एकच चॅनेल लावून उठून जायचं नाही. आईला हे लगेच पटलं. नव्या कोल्हापुरी चपलेला तेल लावून ती आधी अंगणातच थोडी थोडी घालायची असते. पहिल्याच दिवशी बाजारला घालून गेलं की चावते. चपलेला नाव कोल्हापूरचं असलं तरी ती आमच्या निपाणी-अथणीकडेही बनते, आणि तिचं भौगोलिक मानांकन पुढे महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून मिळालं. जे वापरानं मऊ होतं त्याची वाटणी करता येत नाही, असं मला तेव्हापासून वाटतं.

सगळ्यात अवघड गेलं क्रिकेट. खालची धावसंख्येची पट्टी जागची हलत नाही. भावानं चित्र झूम करून ती पट्टीच पडद्याबाहेर काढली. चेंडू मात्र असा स्वच्छ दिसे की शिवण मोजावी. वेगानं हलणारं चित्र न फरफटवणं ही प्लाझ्माची खासियत. तर चेंडू आमच्या घरात आणि स्कोअर गल्लीत, असा तो विश्वचषक झाला. समोरच्या घरी केबल होती, आमच्याकडे डिश, आणि केबल काही सेकंद पुढे असे. २ एप्रिलच्या रात्री वानखेडेवर धोनीनं मारलेला शेवटचा षटकार आम्ही आधी गल्लीतून ऐकला आणि मग पाहिला.

बाकी रुळवण्यासाठी मुद्दाम काही करावं लागलं नाही. आईची झी मराठी, गोकाकच्या वहिनीची कन्नड उदया, पोरांची कार्टून, आप्पांच्या दोन्ही भाषांतल्या बातम्या. रिमोट हातोहात फिरे आणि पडद्याचा कुठलाही कोपरा फार वेळ एका रंगात राहत नसे. त्या जानेवारीत भीमसेन जोशी गेले होते. गदगकडचा कन्नड मुलगा, पुण्यात राहिलेला, अभंग आणि दासांची पदं एकाच गळ्यातून गाणारा. त्यांच्या जुन्या मैफली पुन्हा पुन्हा लागत. मागे काळाभोर रंगमंच, पुढे उजेडात तो चेहरा, आणि तानेबरोबर हवेत झेपावणारे हात. हा गवई पडद्यावर क्षणभरही एका जागी थांबत नसे. नव्या प्लाझ्माला याहून चांगलं वळण कोण लावणार?

२०१२ च्या ऑक्टोबरात बेळगावात सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन झालं. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी आले होते. आप्पांनी दिवसभर कन्नड बातम्या लावून ठेवल्या. संध्याकाळी आईची मालिका सुरू झाली, तर त्यातल्या पांढऱ्या भिंतीवर खालच्या बाजूला कन्नड पट्टीची फिकट रेघ. "हे बघ, गेल्यावरबी बसलंयच," आई म्हणाली. तात्पुरता ठसा होता तो. दुसरं काहीबाही चालवल्यावर पुसला गेला. काही ठसे मात्र जात नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला; त्या दिवसाचं चित्र आप्पांच्या पिढीच्या डोळ्यांत जळून बसलंय. तसंच १९८१ चं, शरद जोशींच्या हाकेवर तंबाखूवाले शेतकरी महामार्गावर बसले होते ते. सीमावादावर महाजन आयोग आला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू झाला, पण चित्र जागचं हललं नाही. त्यांना पुसून टाका म्हणणारे आपण कोण? आमच्या पोरांच्या पडद्यावर मात्र चित्रं हलतात. ती वहिनीशी कन्नडात भांडतात आणि आज्जीजवळ मराठीत तक्रार करतात.

२०१४ साली १ नोव्हेंबरला बेळगावच्या पाट्या अधिकृतपणे 'बेळगावी' झाल्या आणि महिनाअखेर सॅमसंगनं प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं. पॅनासॉनिक त्याआधीच बाहेर पडली होती. हलके, पातळ, कमी वीज खाणारे पडदे आले. आमचा तर दोनशे वॅटच्या पुढेच खायचा आणि उन्हाळ्यात सोपा तापवायचा. तोट्यात गेलेली वस्तू होती, हे मान्य. तरी घेतल्याचा पश्चात्ताप नाही.

तुम्ही नवा टीव्ही घ्यायला जाणार असाल तर समोर उभं राहून ठरवू नका. दुकानातले दिवे बंद करायला सांगा आणि कडेला जाऊन बघा. आपल्या घरातली बरीचशी माणसं तिथंच बसतात. आणि कुणाच्या घरी अजून प्लाझ्मा चालू असेल तर बातम्यांची एकच पट्टी दिवसभर लावून ठेवू नका. रिमोट दुसऱ्याच्या हातात द्या.