रांगेतला डबा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकलीची भाजणी दळून आणण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. डबा रांगेत ठेवायचा आणि अंगावर पीठ घेत उभे राहायचे. रांग अर्थात नावाची! गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी असे डबे गिरणीवाला मनाशी लावून घेतो. भाजणीची पाळी शेवटी. पुढ्यात दहा-बारा डबे असले की चक्की थांबत नाही, दिवसाचे दळण वाढते. माझा डबा मात्र तासभर तिष्ठतो.

संगणकाच्या ड्राइव्हचा वेग मोजण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पण हा धडा मी गिरणीत घेतला नाही, हे माझे दुर्दैव. मोजणाऱ्या प्रोग्रामला आधी सांगावे लागते, की एका वेळी किती मागण्या रांगेत ठेवायच्या. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. तिच्यापुढे ३२ मागण्या ठेवल्या, तर वाटेवरच्या आधी उरकण्याची सोय होते. एसएसडीत फिरणारे काही नसते. पण पोटातल्या अनेक चिपांना एकदम काम हवे असते. एकच मागणी दिली, तर बाकीच्या बसून राहतात.

समजा, एक मागणी १०० मायक्रोसेकंदांत पुरी होते. एक आटोपल्यावर दुसरी, असे केले तर सेकंदाला १०,००० होतील. रांग ३२ची केली आणि प्रत्येकीला ३२० मायक्रोसेकंद लागले, तरी सेकंदाला १,००,००० होतात! जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेल्या नियमाचाच हा हिशेब. दहापट वेगाचा आकडा ठळक छापला जातो. प्रत्येक मागणी तिपटीहून अधिक ताटकळली, हे कोण छापणार?

मीही छापले नाही. इतकेच नव्हे, तर त्या आकड्यावर भुलून दाजींच्या औषधांच्या दुकानातली चांगली चालणारी एसएसडी काढून मी एक महागडी बसवायला लावली. पंधरा दिवसांनी दाजी म्हणाले, "अरे, बिल निघायला तेवढाच वेळ लागतो. संध्याकाळी गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत उभे असते."

मी दुकानात जाऊन पाहिले. त्यांचा हिशेबाचा प्रोग्राम एक नोंद मागे, ती हाती आल्यावर दुसरी. रांग एकाची! फिओ या चाचणीच्या प्रोग्रामातही तसेच आहे : वाचण्याची रीत अशी एकेकाची असेल, तर रांगेपुढे ३२ लिहूनही रांग एकाचीच राहते. हे मला ठाऊक होते. घरी येऊन दोन्ही ड्राइव्ह रांग एक ठेवून मोजल्या. फरक जवळजवळ नव्हताच.

तेव्हापासून माझ्या अहवालात एकाच्या रांगेचा आकडा पहिला असतो. वरिष्ठांना तो फारसा आवडत नाही. दिसायला तो गरीबच दिसतो.

जुनी ड्राइव्ह मी दुकानात परत बसवून दिली आणि महागडीचे पैसे दाजींपुढे धरले. ते काही केल्या घेईनात. ताईने घेतले, आणि मोजून घेतले.