धर्मापुरीच्या गोठ्यातील रवंथ

परळी तालुक्यातील धर्मापुरीला गेलात, तर केदारेश्वराचे मंदिर अवश्य पाहा. उत्तर चालुक्यांच्या काळातील हे दगडी काम पाहताना तास कसा जातो ते कळत नाही. जवळच जुना किल्लाही आहे. मात्र परत निघण्यापूर्वी सावलीला बसलेल्या जनावरांकडेही जरा पाहा.

गाय-बैल घाईने चरतात, चारा अर्धवट चावून पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात साठवतात. मग निवांत बसून एकेक घास तोंडात परत आणतात, चाळीस-पन्नास वेळा चावतात आणि पुन्हा गिळतात. दिवसरात्र मिळून हे काम सहा ते आठ तास चालते. त्यात भरपूर लाळ सुटते. ती पोटातील आंबटपणा मोडते, म्हणूनच कडबा पचविणारे सूक्ष्म जीव तिथे जगतात.

धर्मापुरीच्या एका आजीबाईंची लाल कंधारी गाय एकदा दावे तोडून ज्वारीच्या राशीला लागली. दाणे पोटात आंबले. आजी मला म्हणाल्या, "साहेब, रातच्याला गोठ्यातून चावल्याचा आवाज आला नाही, तवाच मी पोराला उठवलं." डॉक्टर वेळेवर आले, गाय वाचली. सकाळपर्यंत थांबले असते, तर दावण रिकामी झाली असती.

म्हणून सांगतो, रवंथ बंद झाला की दुखणे आले असे समजा आणि डॉक्टरांना बोलवा. आणखी एक गोष्ट. औताचा बैल सोडला, वैरण टाकली आणि लगेच पुन्हा जुंपला, असे करू नका. खाण्याइतकीच त्याला बसण्याचीही गरज असते.

संस्कृत 'रोमंथ' या शब्दावरून आपला 'रवंथ' आला. एखादी गोष्ट मनात घोळवण्यालाही आपण रवंथच म्हणतो. इंग्रजीतही दोन्हींना एकच शब्द आहे. पण नुसते तेच ते उगाळणे म्हणजे चर्वितचर्वण. गाय घास परत आणते तो पचविण्यासाठी.

आपणही बैल विकताना, कर्जाच्या कागदावर अंगठा उठवताना, बांधाच्या वादात कोर्टाची पायरी चढताना एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. घरच्या कारभारणीशी बोलावे. सकाळी तोच घास वेगळा लागतो.

आज निजण्यापूर्वी गोठ्याकडे कान द्या. आवाज येतो आहे ना?