निवळ पाणी आणि गोडे पाणी

उसाच्या चिपाडाचा कागद होतो, हे आमच्या भागात शाळेतले पोरही सांगते. पण त्या कागदाला पाणी किती लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्या देशातल्या जुन्या गिरण्यांत एक टन कागदामागे २०० घनमीटरपर्यंत पाणी लागत असे. म्हणजे दोन लाख लिटर! किलोभर कागदाला दोनशे लिटरचे एक पिंप. सुधारलेल्या गिरण्या आता याच्या चौथाई पाण्यात भागवतात. तरी आत गेलेले पाणी कधीतरी बाहेर येणारच.

ते कसे येते, हे ओढ्याकाठच्या बायकांना विचारावे. आमच्या शिवाराच्या वरच्या अंगाला अशी एक गिरणी आहे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा ओढ्याचे पाणी बिनदुधाच्या चहासारखे दिसायचे. धोतर धुतले की पिवळट झाक यायची. हा रंग लिग्निनचा. चिपाडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा हा डिंकासारखा पदार्थ. चिपाड कॉस्टिक सोड्यात शिजवले की लिग्निन सुटते, तंतू मोकळे होतात. तंतूंचा कागद होतो, आणि लिग्निन व सोडा पाण्याबरोबर मागे उरतात.

चार वर्षांपूर्वी गिरणीने पाणी गाळायचे नवे यंत्र बसवले. दोन महिन्यांत ओढ्याचा तळ दिसू लागला. मग गिरणीची माणसे गावात आली आणि म्हणाली, हे पाणी शेतीला घ्या, पैसा नको, पाइपही आम्ही टाकून देतो. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीने तळ गाठला होता. दोन एकर ऊस डोळ्यांदेखत करपत होता आणि सोसायटीचे कर्ज त्याच उसावर उचललेले. मामंजींना तर देवच पावल्यासारखे झाले. मी म्हटले, आधी यंत्र बघून येऊ. ते म्हणाले, "सूनबाई, पाणी दारात आलंय आन् तू त्याची कुंडली मागतीस?"

तरी गावातून आम्ही दहा-बारा जण गेलो. तिथल्या केमिस्ट साहेबांनी हातचे काही न राखता सगळे दाखवले.

आपण घागरीच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळतो. गाळ, काडी, किडा फडक्यावर राहतो. पण पाण्यात साखर विरघळली असेल तर फडके काय करणार? लिग्निनचेही तसेच. ते पाण्यात विरघळलेले असते, फडक्यातून सरळ निघून जाते. त्यासाठी वेगळे फडके हवे. त्याला पटल म्हणतात, इंग्रजीत मेम्ब्रेन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. या पटलाची छिद्रे एका मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी. दाब देऊन पाणी त्यावरून खेळवतात. पाणी पलीकडे जाते, लिग्निनचे मोठे रेणू अलीकडे अडतात. या प्रकाराला अल्ट्राफिल्ट्रेशन म्हणतात. स्वीडनमधल्या निमोला गावच्या कागद गिरणीने १९९५ साली असे यंत्र बसवले. तिथे अडलेला रंगीत भाग आटवून भट्टीत जाळतात.

सगळे माना डोलावत होते. माझ्या मनात मात्र लोणच्याची बरणी होती. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. मिठाकडे पाणी ओढ घेते. जमिनीत क्षार वाढला की मुळांचे असेच होते. शेतात ओल असून मुळाला पाणी ओढता येत नाही, पीक उभ्या उभ्या सुकते. म्हणून मी विचारले, "साहेब, रंग अडला, पण सोड्याचा क्षार कुठे गेला?"

साहेब प्रामाणिक माणूस. म्हणाले, "ताई, तो अडत नाही. मिठाचा कण लिग्निनपेक्षा फार लहान. तो पाण्याबरोबर पलीकडे जातो."

क्षार अडवायला आणखी दाट पटल लागते. आता गावोगावी पाण्याच्या एटीएममध्ये आणि शहरातल्या स्वयंपाकघरात असते ते आरओ. कैरीत पाणी मिठाकडे ओढले जाते. आरओमध्ये जबर दाब देऊन खाऱ्या बाजूचे पाणी उलट गोड्या बाजूला ढकलतात. समुद्राच्या पाण्याला तर मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीस पट दाब द्यावा लागतो. असे कामाचे पटल अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५९-६० च्या सुमारास सिडनी लोब आणि आपल्या भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तयार केले. गंमत अशी, की ते पटल सेल्युलोज ॲसिटेटचे होते. सेल्युलोज म्हणजे कापसात आणि चिपाडात असतो तोच तंतू. ज्याचा कागद होतो, त्याच्याच भाऊबंदाने पाणी गोडे केले!

मग गिरणीने आरओ का बसवला नाही? त्याला वीज जास्त लागते. पटलावर चिकटा साठतो, ते वरचेवर रसायनाने धुवावे लागते. आणि क्षार काही नाहीसा होत नाही. थोड्या पाण्यात दाट होऊन मागे उरतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते. खर्च आहे. पण करणारे करतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या गिप्सलँड भागात २०१० साली असा कारखाना सुरू झाला. तिथे गावांचे सांडपाणी आणि मेरीवेलच्या कागद गिरणीचे पाणी शुद्ध करून त्यातले काही आरओमधून काढून पुन्हा गिरणीलाच देण्याची सोय केली.

आम्ही एक बाटली भरून आणली. माझी धाकटी लेक कृषी महाविद्यालयात शिकते. तिने ती तपासून घेतली. पाण्याची विद्युत वाहकता २.२५ च्या वर गेली की ते पाणी अति क्षारयुक्त धरतात. आमचा नमुना त्याहून वर होता, आणि सोडियमही नको तेवढे. आमची जमीन काळी, खोल. सोडियम बसले की अशी जमीन चोपण होते. पावसात चिखल, उन्हात दगड. मग जिप्सम घाला, चर खणा आणि वर्षानुवर्षे वाट बघा.

घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. ऊस वाचवावा तर जमीन जाते, जमीन वाचवावी तर ऊस जातो आणि कर्ज डोक्यावर बसते. मामंजी म्हणाले, "एका वर्सानं काय हुतंय?" मी म्हटले, "मामंजी, ऊस एका वर्षाचा. जमीन तुमच्या वडिलांची आणि उद्या नातवंडांची." ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन स्वतःच शेतात गेले. दीड एकर ऊस त्यांनी वैरणीला तोडून टाकला, आणि विहिरीला जे पाणी होते ते उरलेल्या अर्ध्या एकराला दिले. कर्जाचे हप्ते आम्ही दोन वर्षे दुधावर फेडले.

ग्रामसभेने गिरणीला ठराव पाठवला, की या पाण्यातला क्षार काढा आणि ते पुन्हा तुमच्याच कामाला घ्या, म्हणजे नदीतून तेवढे कमी उचलाल. निम्म्या पाण्यापुरते आरओ यंत्र गेल्या वर्षी बसले. उरलेल्या निम्म्यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, पटलाचे शास्त्र चांगले आहे, त्याला नावे ठेवू नका. आमच्या ओढ्याचा तळ त्यानेच दाखवला. पण दिसते तसे नसते, म्हणून तर जग फसते. कारखान्याचे गाळलेले पाणी कोणी देऊ केले तर तीन गोष्टी विचारा. पटलाने नुसता रंग अडतो की क्षारही? अडलेला भाग कुठे जातो? आणि पाण्याची तपासणी कोणी, कधी केली? ती एकदा करून भागत नाही, दर हंगामाला पाणी आणि माती दोन्ही तपासून घ्या. बाटली स्वच्छ धुऊन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, मग भरावी, आणि वर तारीख व जागा लिहून लगेच प्रयोगशाळेत पोचवावी. तपासणीला जाणारा पैसा एका पोत्या खताहून कमी असतो.