म्बारेच्या बाजारातला म्बिरा

हरारे ही झिम्बाब्वेची राजधानी. तिच्या दक्षिणेला म्बारे नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. गोऱ्यांच्या राजवटीत काळ्या मजुरांना शहराबाहेर ठेवण्यासाठी १९०७ साली ती वसवली गेली. तेथील बाजारात आम्ही प्रथम म्बिरा पाहिला.

म्बिरा हे शोना लोकांचे वाद्य. एक जाड फळी आणि तिच्यावर बसवलेल्या २२ ते २८ लोखंडी पट्ट्या. पूर्वी दगडातून लोखंड गाळून त्या बनवत. आता जुन्या पलंगाच्या स्प्रिंगा, खिळे ठोकून चपटे करतात. दोन्ही अंगठ्यांनी पट्ट्या खाली दाबून सोडायच्या, उजव्या तर्जनीने खालून वर छेडायच्या. आवाज घुमावा म्हणून फळी मोठ्या सुक्या भोपळ्यात बसवतात.

फळीला बाटल्यांची पत्र्याची बुचे अडकवलेली होती. पट्टी वाजली की तीही झणझणत. वाद्य बिघडले आहे, असे आम्हाला वाटले. वादक हसला. या झणझणीशिवाय म्बिरा मुका, असे त्याने आम्हाला समजावले. बुचांच्या जागी पूर्वी शिंपले असत.

शोना लोक पूर्वजांना बोलावण्यासाठी ‘बिरा’ करतात, तेव्हा हे वाद्य रात्रभर वाजते. म्हणूनच मिशनऱ्यांनी ते सैतानाचे ठरवले. आपल्याच आजोबांचे वाद्य हाती धरायची पोरांना लाज वाटावी, अशी शिकवण मिळाली.

पण लोकांनी ते सोडले नाही. थॉमस मापफुमो यांनी म्बिराच्या चाली गिटारवर आणल्या आणि लढ्याची गाणी शोना भाषेत गायली. सरकारने त्यांना खटल्याशिवाय तुरुंगात टाकले. १९८० साली देश स्वतंत्र झाला. बायकांनी म्बिरा वाजवू नये, असा तेव्हा रिवाज होता. स्टेला चिवेशे यांनी तो मोडला आणि पुढे परदेशांतही त्यांचे वादन गाजले. २०२३ साली त्या वारल्या. २०२० साली युनेस्कोने झिम्बाब्वे आणि मलावीची ही कला मानवजातीच्या वारशात नोंदवली.

येताना आम्ही १५ पट्ट्यांचा लहान म्बिरा आणला. घरी पाहुणे विचारतात, “ही बुचे कशाला? काढून टाका ना!” आमची मुलेच आता उत्तर देतात, “ती काढली तर तो त्यांचा राहणार नाही.”