गेल्या सहा महिन्यांत न ऐकलेले

आयट्यून्समध्ये एखादं गाणं शेवटपर्यंत वाजलं की दोन नोंदी होतात. ते किती वेळा वाजलं हा आकडा एकाने वाढतो, आणि शेवटचं कधी वाजलं ती तारीख बदलते. या नोंदी गाण्याच्या फाइलमध्ये नसतात. तिथे गायकाचं नाव, रागाचं नाव, फार तर एखादा शेरा असतो. ऐकणाऱ्याबद्दल अवाक्षर नसतं. ऐकण्याचा सगळा हिशेब लायब्ररीच्या एका वेगळ्या फाइलीत साठत जातो. नुसत्या एमपी३ उचलून नव्या कॉम्प्युटरवर टाकल्या, तर गाणी सगळी वाजतात, पण ती आजवर कुणीच ऐकलेली नसतात. दादाचा संग्रह हलवायला बसलो तेव्हा मला धास्ती होती ती याची.

दादाला जाऊन वर्ष उलटलं होतं. सांगलीच्या घरातल्या त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क टकटक करायला लागली, तसा वहिनींचा फोन आला. ‘‘भावजी, ते बंद पडायच्या आत या. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते जायला नको.’’

संग्रहाचा गाभा होता शनिवार रात्रींचा. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला, आणि आमच्या लहानपणी शनिवारी रात्री साडेनऊला रेडिओ लागणं हा घरचा नेम होता. कार्यक्रम दीड तासाचा, कॅसेट नव्वद मिनिटांची. म्हणजे हिशेब बरोबर जुळायचा, फक्त पंचेचाळीस मिनिटांनी बाजू उलटावी लागे. दादा घड्याळ समोर ठेवून बसायचा. तो उलटायला उठला की खोलीत कुणी हलायचं नाही. कितीही चपळाई केली तरी दोन-तीन आवर्तनं निसटायचीच. गायक नेमका रंगात आलेला असायचा, आणि दादाच्या चेहऱ्यावर त्या निसटलेल्या आवर्तनांचं दुःख पुढे आठवडाभर दिसायचं.

२००६च्या सुमारास त्याने या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. या कामाला घाई चालत नाही. दीड तासाची कॅसेट उतरायला दीड तासच लागतो. वर प्रत्येक कॅसेटची तऱ्हा निराळी. फीत ज्या यंत्रावर भरली त्याच्या हेडचा कोन आणि वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा कोन जुळला नाही तर आवाज कोंदट येतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. दादा गाणं चालू ठेवून, कान लावून, तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत बसायचा. तानपुऱ्याची जवारी मोकळी झाली की थांबायचा आणि मग पहिल्यापासून भरायला घ्यायचा. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये खरखर काढायची सोय आहे, पण ती त्याने कधी वापरली नाही. खरखरीबरोबर आवाजाची धारही बोथट होते, असं त्याचं मत होतं, आणि ते खरं आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी वीज चमकली की मीडियम वेव्हवर जो कडकडाट उठायचा, तोही त्याच्या संग्रहात जसाच्या तसा आहे.

विकतच्या सीडी टाकल्या की इंटरनेटवरून आपोआप नावं भरली जायची, ती बऱ्याचदा चुकीची. प्रकारांच्या तयार यादीत ब्लूज होतं, जॅझ होतं, ख्याल नव्हता. दादाने त्या रकान्यांचा सरळ ताबाच घेतला. अल्बमच्या जागी राग, संगीतकाराच्या जागी ताल आणि प्रकाराच्या जागी प्रहर. शेऱ्याच्या रकान्यात कधी ‘बाजू उलटताना समेपाशी तुटलं’, तर कधी नुसतं ‘अहाहा’.

आकड्यांचा रकाना मी बराच वेळ बघत बसलो. मल्लिकार्जुन मन्सुरांचा शुक्ल बिलावल त्याच्या रोजच्या सकाळचा. त्यावरच दाढी, आंघोळ, डबा. आणि त्याच्यासमोर आकडा अगदीच किरकोळ! मग उलगडा झाला. गाणं शेवटपर्यंत वाजलं तरच मोजलं जातं. बँकेत जायची वेळ झाली की तो ते अर्ध्यावर बंद करायचा. इतक्या साऱ्या सकाळी त्याने जे ऐकलं, त्याची कुठेच नोंद नाही. निवृत्तीनंतर मात्र तोच आकडा भराभर चढलेला होता. नोकरीभर अर्धवट राहिलेलं गाणं तो आता शेवटपर्यंत ऐकत होता.

डावीकडे त्याने केलेल्या याद्या होत्या, प्रहरांप्रमाणे. सगळ्यांत खालच्या यादीचं नाव होतं ‘गेल्या सहा महिन्यांत न ऐकलेले’. ही यादी आपोआप बदलणारी. एखादं ध्वनिमुद्रण सहा महिने वाजलं नाही की ते तिच्यात येतं, वाजलं की निघून जातं. आपल्याकडे असून कुठलं गाणं विसरायला होऊ नये म्हणून त्याने ती केली होती. मी ती उघडली. तिच्यात अख्खा संग्रह होता. तो गेल्यावर ती यादी रोज थोडी थोडी भरत गेली असणार, बंद कॉम्प्युटरमध्ये, कुणी न बघता. त्या खोलीत मला तोवर रडू आलं नव्हतं.

हलवण्याचं काम तसं सरळ झालं. तीन ठिकाणी विखुरलेल्या फाइली आधी एका फोल्डरमध्ये गोळा केल्या, मग ते फोल्डर लायब्ररीच्या फाइलीसकट नव्या यंत्रावर नेलं, शिफ्टची कळ दाबून धरून आयट्यून्स उघडलं आणि त्याला ती लायब्ररी दाखवली. आकडे आले, तारखा आल्या, ‘अहाहा’ आले.

आता वाजवून बघायला हवं होतं, आणि तिथे माझा हात अडला. शेवटपर्यंत वाजवलं की तारीख बदलणार. दादाने ते शेवटचं कधी ऐकलं, ते पुसून तिथे माझी दुपार लिहिली जाणार. मी फाइली बाहेरून, व्हीएलसीमध्ये उघडून तपासल्या. त्या कशाचीही नोंद लायब्ररीत होत नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘‘वहिनी, तुम्हीपण असंच बाहेरून लावत जा. तारखा राहतील.’’

त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘भावजी, तारखा ठेवून त्यांचं गाणं बंद ठेवायचं का?’’

मी सगळी यादी तारखांसकट मजकुराच्या फाइलीत काढून घेतली. ती माझ्याकडे आहे. त्यानंतर वहिनींनी मन्सुरांचा एक बिहागडा लावला, आयट्यून्समध्येच, आणि आम्ही तो शेवटपर्यंत ऐकला. बाजू उलटल्याची जागा आली तेव्हा दोघंही, जुन्या सवयीने, हललो नाही.

आता त्या रोज रात्री ‘न ऐकलेले’च्या यादीतलं एक लावतात. परवा फोनवर विचारत होत्या, ‘‘ही यादी संपायची कधी?’’ मी हिशेब सांगितला. दादाची ध्वनिमुद्रणं सहाशेच्या वर आहेत. रोज एक ऐकलं तर सहा महिन्यांत एकशे ऐंशी होतील, आणि तोवर पहिल्या दिवशी ऐकलेलं पुन्हा यादीत आलेलं असेल. म्हणजे ती कधीच संपायची नाही.

‘‘मग बरंय,’’ वहिनी म्हणाल्या, आणि आज कुठलं लावू ते विचारलं.