निळं अंडं

गेल्या मंगळवारी ऑफिसच्या कॉलवर माझ्या माइकमधून कोंबडा आरवला. लीड म्हणाला, "बॅकग्राउंडला काय चालू आहे?" सगळे हसले, मी म्यूट केलं. पण त्या कोंबड्याचं करायचं काय, हा प्रश्न काही म्यूट होत नाहीये. म्हणून आज शनिवारी लिहायला बसलोय.

तर झालं असं. प्रताप नगरात आमचं जुनं बैठं घर आहे. मागे थोडं अंगण, एक पेरूचं झाड आणि एक बंद पडलेला कूलर. माझं वर्क फ्रॉम होम सुरू झालं तेव्हा आजीने हिंगणघाटकडच्या आमच्या गावाहून तीन गावरानी कोंबड्या आणवल्या. आई अंडी खात नाही, पण कोंबड्यांना ज्वारी तीच टाकते. सगळं छान चाललं होतं. मग भाचीने कुठल्याशा व्हिडिओत निळी अंडी पाहिली. "मामा, आपली कोंबडी निळं अंडं का नाही देत?"

ती सहा वर्षांची आहे. मी एकोणतीसचा, आणि मलाही तोच प्रश्न पडला. इंजिनिअरला प्रश्न पडला की रात्रीचा दीड वाजतोच...

अंड्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूसारखं पांढरं. ते तयार व्हायला साधारण 20 तास लागतात आणि तपकिरी रंग अगदी शेवटी वरून चढतो, भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा. म्हणून तपकिरी अंडं फोडलं की कवच आतून पांढरं दिसतं. (लिंबू चोळून रंग निघाला म्हणजे अंडं चहाच्या पाण्यात रंगवलेलं, ही लोकांची परीक्षा त्यामुळे फसवी आहे. आम्लाने कवचच विरघळतं, खरा रंगही निघतो.) निळ्याचं तसं नाही. तो बिलिव्हर्डिन नावाचा रंग कवचात आरपार असतो. निळ्यावर तपकिरी चढला की हिरवं. चव आणि सत्त्व मात्र रंगामुळे बदलत नाही.

हा निळा आला कुठून? चिलीची अरौकाना आणि चीनची डोंगशियांग, या दोन्ही जातींत एका जुन्या विषाणूचा तुकडा जनुकांत घुसून बसलाय, असं 2013 मध्ये उघड झालं. आणि दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे घुसलाय! म्हणजे तोच बग दोनदा आला आणि दोन्ही वेळा लोकांनी फीचर म्हणून ठेवून घेतला :-)

आपल्याकडे सहज मिळतात त्यांत हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया तपकिरी अंडी देते, आणि भरपूर देते. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये जीआय मिळाला. त्याचं मांस काळं असतं म्हणून अंडंही काळं असेल असं अनेकांना वाटतं, पण ते फिकट बदामीच. लेगहॉर्न पांढरं. निळं कोणीच नाही.

मग मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून 'निळ्या अंड्यांची' 12 उबवणीची अंडी मागवली. किंमत सांगत नाही, आई हे वाचते. पिल्लं न आणता अंडी मागवली त्यामागे भीती होती. नागपुरातल्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात मार्च 2024 मध्ये बर्ड फ्लू निघाला आणि तिथल्या कोंबड्या माराव्या लागल्या, ते डोक्यात होतं. आमची एक कोंबडी तेव्हा खुडूक होतीच. तिच्याखाली ठेवली. 12 मधली चार फुटली. एक पिल्लू मांजरीने नेलं. दोन पाठी आणि एक कोंबडा उरले. दिसायला काय सुंदर! गालांवर दाढी, अंगावर गच्च पिसं, छोटासा तुरा.

आणि मग मे महिना आला.

कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुऱ्यातून उष्णता बाहेर टाकते. मोठा तुरा म्हणजे मोठा हीटसिंक. गच्च पिसांच्या या पक्ष्यांचा तुरा वाटाण्याएवढा. पारा 45 च्या वर गेला, मी ओली पोती टांगली, पाण्यात बर्फ टाकला. दोन्ही पाठी एकाच आठवड्यात गेल्या. पहिलं अंडंही दिलं नव्हतं. गावरानी तिघी पेरूखाली माती उकरून निवांत पडून होत्या. भाचीला मी फोनवर सांगितलं, त्या गावाला गेल्या.

आजी एवढंच म्हणाली, "काहून रे बाबू, रंग पाह्यला अन् जीव नाही पाह्यला?"

उरला कोंबडा. आता माझ्यातला इंजिनिअर म्हणतो, हा खरंच शुद्ध असेल तर याची गावरानीपासून झालेली प्रत्येक पाठ निळसर किंवा हिरवट अंडं देईल, कारण ते जनुक एकाच बाजूने आलं तरी पुरतं. गंमत म्हणजे छोट्या तुऱ्याचं जनुक त्याच गुणसूत्रावर अगदी शेजारी बसलंय, त्यामुळे निळ्याबरोबर बहुधा तोही येणार. असीलचा तुराही छोटाच, पण त्याची पिसं तुटपुंजी, म्हणून तो उन्हाळा काढतो. म्हणजे मला तुऱ्याकडे नाही, पिसांकडे पाहून निवड करायला हवी. कागदावर सगळं जमतंय.

पण दर दोन पिल्लांमागे एक कोंबडा निघणार, हे मी कागदावर लिहिलंच नव्हतं. शेजारच्या काकू नर्स आहेत, नाइट करून सकाळी आठला झोपतात. एक कोंबडा त्या कशाबशा सहन करतायत. चार झाले तर? गावी पाठवणं म्हणजे काय, ते आजीने स्पष्टच सांगितलं, "पाहुणा आला का पहिले कोंबडाच जाते." सावजीत बसून मी चिकन खातो, तेव्हा मला असलं काही सुचत नाही, हेही खरं.

काल काकूंकडे गेलो. म्हटलं, याला देऊन टाकू का? त्या म्हणाल्या, "मला विचारून आणला होतास का?" मग चहा दिला.

घरी आलो तर गावरानी परत खुडूक होऊन कूलरमागे बसलेली. आजीने कोणाला न विचारता तिच्याखाली सात अंडी ठेवली होती, याच कोंबड्याची.

"आजी, यातले कोंबडे?"

"ते तू पाहजो."

21 दिवस. त्याच आठवड्यात आमचं रिलीजही आहे.